थायलंड २०१९: उठावानंतरच्या निवडणुकीचा निकाल नेमका कुठे ठरला?

प्रश्न असा आहे: मे २०१४ मध्ये थायलंडच्या लष्कराने सत्ता घेतली. पाच वर्षांनी, २४ मार्च २०१९ रोजी, तिथे संसदेची निवडणूक झाली. सर्वांत जास्त जागा मिळवणारा फ्यू थाई पक्ष विरोधात बसला आणि उठाव करणारे जनरल प्रयुत चान-ओचा हेच पुन्हा पंतप्रधान झाले. मग मतमोजणीत गडबड झाली होती का? आणि झाली असेल, तर विरोधकांनी या निवडणुकीत उतरायलाच नको होतं का?

महाराष्ट्रात मी बरीच वर्षं निवडणुकीची कामं केली आहेत, मतदान केंद्राध्यक्षापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत. पुढे आशियातल्या काही देशांत निरीक्षक म्हणून जायची संधी मिळाली, त्यात २०१९ चं थायलंडही होतं. त्यामुळे तिथली कायद्याची बाजू आणि प्रत्यक्ष केंद्रावरची बाजू, दोन्ही सांगू शकतो.

मतमोजणीत आणि त्यानंतरच्या बेरजेत गोंधळ झाला, तो गंभीर होता. पण प्रयुत पंतप्रधान झाले ते त्यामुळे नाही. ती गोष्ट मतदानाच्या जवळजवळ तीन वर्षं आधी, राज्यघटनेचा मसुदा होत असतानाच पक्की झाली होती. आणि तरीही विरोधकांनी निवडणूक लढवली हे बरोबर केलं, असं माझं मत आहे. आता सविस्तर.

आधी एक मागची गोष्ट, कारण तिच्याशिवाय २०१९ कळत नाही. थायलंडमध्ये १९ सप्टेंबर २००६ रोजीही उठाव झाला होता. पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांचं सरकार लष्कराने घालवलं, नवी राज्यघटना आणली, २००७ च्या ऑगस्टमध्ये सार्वमत घेतलं आणि २३ डिसेंबर २००७ रोजी निवडणूक घेतली. ती निवडणूक थाकसिन यांच्याच माणसांनी उभ्या केलेल्या पीपल्स पॉवर पक्षाने जिंकली, ४८० पैकी २३३ जागा मिळवून. तो पक्ष २ डिसेंबर २००८ रोजी घटना न्यायालयाने विसर्जित केला. तरी २०११ मध्ये त्याच गटाचा पुढचा अवतार असलेला फ्यू थाई पक्ष स्पष्ट बहुमताने आला आणि थाकसिन यांच्या बहीण यिंगलक पंतप्रधान झाल्या. म्हणजे उठाव करूनही लष्कराला हवं ते झालं नाही. २०१४ च्या जनरलांनी यातून धडा घेतला: निवडणूक घ्यायची, पण ती हरली तरी सत्ता हातातून जाणार नाही अशा नियमांखाली.

या कामाला त्यांनी भरपूर वेळ घेतला. निवडणूक २०१५ मध्ये होणार असं सुरुवातीला सांगितलं गेलं, मग २०१६, मग २०१७, मग नोव्हेंबर २०१८, मग फेब्रुवारी २०१९ आणि शेवटी मार्च. घटनेचा पहिला मसुदा सप्टेंबर २०१५ मध्ये लष्करानेच नेमलेल्या सुधारणा परिषदेने फेटाळला. दुसरा मसुदा मीचाई रुचुफान या ज्येष्ठ कायदेतज्ज्ञांच्या समितीने केला आणि त्यावर ७ ऑगस्ट २०१६ रोजी सार्वमत झालं. मसुद्याच्या बाजूने ६१.३५ टक्के मतं पडली. हा आकडा लष्कराच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो. पण त्या सार्वमताच्या कायद्यात, मसुद्याविरुद्ध प्रचार हा ‘मतदारांची दिशाभूल’ ठरवून दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद होती, आणि पत्रकं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना अटकही झाली. एकच बाजू मोकळेपणाने बोलू शकत असेल, तर त्या आकड्याला लोकांचा कौल म्हणायला माझं मन धजत नाही.

त्याच दिवशी मतदारांना आणखी एक प्रश्न विचारला होता. त्याची भाषा इतकी लांबलचक होती की वाचून अर्थ लागणं अवघड. सरळ सांगायचं तर: नव्या संसदेच्या पहिल्या पाच वर्षांत पंतप्रधान निवडताना सिनेटनेही, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहानेही, मत द्यावं का? ५८.०७ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. सगळी किल्ली इथे आहे.

कनिष्ठ सभागृहात ५०० सदस्य. सिनेटमध्ये २५०, आणि हे अडीचशे जण उठावानंतर सत्ता चालवणाऱ्या लष्करी परिषदेने नेमायचे. दोन्ही मिळून ७५०, म्हणून पंतप्रधानाला ३७६ मतं हवीत. ज्याच्या पाठीशी सिनेट आहे त्याला ५०० पैकी १२६ खासदार जमवले की पुरे. ज्याच्या पाठीशी नाही त्याला ५०० पैकी ३७६, म्हणजे पाऊण सभागृह हवं. आपल्याकडे राज्यसभेच्या सदस्यांनी पंतप्रधान निवडायला मत दिलं असतं, आणि त्या राज्यसभेतले सगळे सदस्य मावळत्या सरकारनेच नेमले असते, असं क्षणभर धरून चाला, म्हणजे याचं वजन लक्षात येईल. शिवाय पंतप्रधान खासदार असण्याची अटच नव्हती. पक्षांनी निवडणुकीआधी जास्तीत जास्त तीन नावं द्यायची, बस. प्रयुत कुठल्याही मतदारसंघातून उभे राहिले नाहीत. पलांग प्रचारात या नव्या पक्षाने त्यांचं नाव दिलं आणि ते त्यांनी स्वीकारलं.

१४ मे २०१९ रोजी सिनेटची यादी जाहीर झाली तेव्हा मतदान होऊन सात आठवडे उलटले होते. यादीत शंभराहून जास्त लष्करी आणि पोलीस अधिकारी होते. सेनादलांचे प्रमुख आणि पोलीसप्रमुख पदसिद्ध सदस्य होतेच. प्रयुत यांचे सख्खे भाऊही होते. लष्करी सरकारातले मंत्री राजीनामे देऊन तिथे येऊन बसले होते.

पलांग प्रचारात हा पक्ष २०१८ मध्ये स्थापन झाला. अध्यक्ष आणि सरचिटणीस दोघेही लष्करी सरकारातले विद्यमान मंत्री होते, त्यांनी मंत्रिपदं सोडली ती जानेवारी २०१९ च्या अखेरीस. पक्षाचं नावही सरकारच्या ‘प्रचारात’ नावाच्या कल्याण योजनांवरून घेतलेलं. याच सरकारचं कल्याण कार्ड सुमारे १ कोटी ४५ लाख गरीब लोकांच्या हातात होतं आणि नववर्षाची भेट म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर ५०० बात (थायलंडचं चलन) जास्तीचे जमा झाले. निवडणुकीच्या तोंडावर सरकारी योजनांचे पैसे जमा होणं आपल्याला नवं नाही. फरक असा की तिथल्या सरकारला कुणी निवडून दिलेलं नव्हतं, आणि आचारसंहितेखाली काळजीवाहू म्हणून वागण्याचं बंधनही त्याच्यावर नव्हतं. नवं मंत्रिमंडळ १६ जुलै २०१९ ला शपथ घेईपर्यंत लष्करी परिषद पूर्ण अधिकारानिशी चालू राहिली. अंतरिम घटनेतलं कलम ४४ म्हणजे प्रमुखाच्या एका सहीने कुठलाही आदेश काढण्याचा अधिकार, तोही प्रचाराच्या काळात तसाच होता. त्याच कलमाखाली मार्च २०१८ मध्ये एका निवडणूक आयुक्तांना घरी पाठवण्यात आलं होतं. त्याच कलमाखाली नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारसंघांच्या हद्दी ठरवण्यात आयोगाला जादा मुदत आणि मोकळीक देण्यात आली. राजकीय कार्यक्रमांवरची बंदी उठली ११ डिसेंबर २०१८ ला. म्हणजे विरोधी पक्षांना सभा घ्यायला जेमतेम तीन महिने मिळाले, तर सरकारातली मंडळी त्याआधीची साडेचार वर्षं देशभर दौरे करत होती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पलांग प्रचारातचे एक नेते सोमसाक थेपसुथिन यांनी पक्षाच्या लोकांसमोर सांगून टाकलं की ही राज्यघटना आपल्यासाठीच तयार केलेली आहे. मी हे वाक्य नेहमी उद्धृत करतो, कारण ते विरोधकाचं नाही.

आता मतदानाचा दिवस. तो सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण या निवडणुकीवर लिहिणारे बहुतेक जण तो सोडून देतात आणि तिथल्या साध्या कर्मचाऱ्यांवर अन्याय करतात.

थायलंडमध्ये मतदान सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. केंद्रं शाळांत, देवळांच्या आवारात, मोकळ्या जागेत मांडव घालून. त्या वेळी मतदार सुमारे ५ कोटी १२ लाख आणि केंद्रं नव्वद हजारांच्या वर. मतदान कागदी मतपत्रिकेवर, पेनाने फुली मारून. मतपत्रिकेवर ‘कुणालाही नाही’ यासाठीही चौकोन असतो. पाच वाजता केंद्र बंद झालं की पेटी कुठेही हलत नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, मतमोजणी सुरू होते. एक कर्मचारी मतपत्रिका उघडतो, उमेदवाराचा क्रमांक मोठ्याने वाचतो आणि मतपत्रिका डोक्याच्या वर धरून जमलेल्या लोकांकडे वळवतो. दुसरा कर्मचारी फळ्यावर लावलेल्या मोठ्या कागदावर रेघ ओढतो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. गावातली माणसं, शाळकरी पोरं, पक्षांचे प्रतिनिधी दोरीच्या पलीकडे उभे राहून पाहतात, फोनवर फोटो काढतात. मत बाद ठरवलं तर ते का ठरवलं हेही दिसतं. ज्याने आपल्याकडे स्ट्राँगरूमची पहाऱ्याची रात्र काढली आहे त्याला या पद्धतीचा हेवा वाटेल. यात तोटाही आहे: कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं हे लगेच कळतं. पण एका केंद्रावर मोजणीत चोरी करणं फार अवघड जातं, हे मी पाहिलेल्या केंद्रांवरून खात्रीने सांगतो. तिथल्या शिक्षकांनी आणि ग्रामपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी उन्हात दिवसभर काम करून मनापासून मोजणी केली.

मतदारांना मात्र त्या दिवशी एका गोष्टीचा खूप त्रास झाला. एकाच पक्षाच्या उमेदवाराचा क्रमांक प्रत्येक मतदारसंघात वेगळा होता. पूर्वी पक्षाला देशभर एकच क्रमांक असायचा आणि सगळा प्रचार त्या क्रमांकावर चालायचा. या वेळी शेजारच्या मतदारसंघातल्या बॅनरवर एक क्रमांक आणि आपल्या मतपत्रिकेवर दुसराच. त्यात देशभर ११ हजारांहून जास्त उमेदवार, त्यामुळे मतपत्रिकाही लांबच लांब. सुमारे २१ लाख मतं बाद झाली. ती सगळी याच कारणाने गेली असं नाही, पण याचा त्यात वाटा होता असं मला वाटतं.

गोंधळ सुरू झाला तो केंद्राबाहेर, बेरीज वर जायला लागल्यावर. त्या रात्री आकडे येता येता आयोगाने मध्येच थांबवले. मतदान सुमारे ६६ टक्के झाल्याचं आधी सांगितलं, चार दिवसांनी तोच आकडा ७४.६९ टक्के झाला. इतका फरक म्हणजे चाळीस लाखांहून जास्त मतदार. माझ्या अंदाजाने यामागे मोठं कारस्थान नव्हतं. घाईघाईने उभारलेली आकडे पाठवण्याची यंत्रणा आणि नवखा आयोग एवढ्यानेही असं होऊ शकतं. पण शंका फेडायचा सोपा मार्ग होता: प्रत्येक केंद्राचं निकालपत्रक जसंच्या तसं संकेतस्थळावर टाकायचं. प्रत्येक केंद्रावर ते पत्रक भरून दाराशी लावलेलं असतंच. आयोगाने ते केलं नाही. आपल्याकडे फॉर्म १७ सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचं पत्रक, यावरून जो वाद होतो त्याचं मूळही हेच आहे: केंद्रावरचा कागद आणि वरची बेरीज लोकांना शेजारी शेजारी ठेवून पाहता आली नाही की प्रामाणिक चूकसुद्धा चोरीसारखी दिसते. न्यूझीलंडमधल्या थाई मतदारांच्या १,५४२ मतपत्रिका मोजणीसाठी वेळेत पोचल्या नाहीत म्हणून बाद केल्या, त्याचंही तेच झालं.

अधिकृत निकाल पूर्ण जाहीर व्हायला ८ मे उजाडला. मधे ४ ते ६ मे दरम्यान राजा वजिरालोंगकोर्न यांचा राज्याभिषेक झाला. या सहा आठवड्यांत खरं राजकारण झालं, आणि ते एका सूत्राभोवती फिरत होतं. हा भाग किचकट आहे, पण तो टाळला तर काहीच कळणार नाही, म्हणून सावकाश सांगतो.

५०० पैकी ३५० जागा मतदारसंघांच्या आणि १५० पक्षांच्या यादीतल्या. २०११ मध्ये मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या, एक उमेदवारासाठी आणि एक पक्षासाठी. २०१९ मध्ये एकच. उमेदवाराला दिलेलं मत तेच पक्षाचंही मत. देशभरातली वैध मतं सुमारे ३ कोटी ५५ लाख होती. त्यांना ५०० ने भागलं की एका जागेची किंमत निघते: सुमारे ७१ हजार मतं. पक्षाला मिळालेल्या एकूण मतांना ७१ हजाराने भागलं की त्याचा एकूण हक्क कळतो. मतदारसंघात त्याहून कमी जिंकले असतील तर उरलेल्या जागा यादीतून भरायच्या.

फ्यू थाईला ७८ लाख ८१ हजार मतं मिळाली. हक्क निघाला सुमारे १११ जागांचा. पण मतदारसंघांतच त्याने १३६ जिंकल्या. म्हणून यादीतून शून्य. पक्षाचे अनुभवी नेते यादीत होते. त्यांपैकी एकही संसदेत जाऊ शकला नाही. मोठ्या पक्षाला छाटणारी ही पद्धत कुणाला डोळ्यासमोर ठेवून आणली होती हे उघड आहे. फ्यू थाईने हे आधीच ओळखलं होतं. त्याने ३५० पैकी २५० जागाच लढवल्या आणि उरलेल्या बऱ्याच जागा थाई रक्षा चात या जोडीदार पक्षाला सोडल्या, म्हणजे हरणाऱ्या मतदारसंघांतली मतं त्या पक्षाच्या यादीत जमा होतील. पण त्या पक्षाने ८ फेब्रुवारीला राजाच्या थोरल्या बहिणीचं, उबोलरतना यांचं नाव पंतप्रधानपदासाठी दिलं. त्याच रात्री राजाने निवेदन काढून हे अनुचित असल्याचं सांगितलं. ७ मार्चला, मतदानाला अडीच आठवडे असताना, घटना न्यायालयाने पक्ष विसर्जित केला. त्या शंभरेक मतदारसंघांतल्या थाकसिन समर्थकांसमोर एकदम उमेदवारच उरला नाही. फ्यू थाईची मतं पलांग प्रचारातच्या ८४ लाख ४१ हजारांहून कमी का दिसतात, याचं मोठं कारण हे आहे. ‘सर्वाधिक मतं आम्हाला’ असं पलांग प्रचारातने सांगितलं तेव्हा हा संदर्भ कुणी जोडत नव्हतं.

फ्यू थाईच्या जादा पंचवीसेक जागांमुळे बाकी पक्षांचे यादीतले हक्क दीडशेत बसेनात. ते कुणाकडून किती कापायचे, हा प्रश्न होता. आयोगाने अशी रीत धरली की ७१ हजारांपेक्षा कमी मतं मिळालेले छोटे पक्षही हिशेबात राहिले आणि शेवटी उरलेल्या अपूर्णांकांवरून त्यांना एकेक जागा गेली. असे अकरा पक्ष संसदेत आले. काहींची मतं एका जागेच्या किमतीच्या निम्मीच होती. कायद्यातल्या ज्या तरतुदीवर आक्षेप घेणाऱ्यांनी बोट ठेवलं ती साधी होती: कुठल्याही पक्षाला त्याच्या हक्काहून जास्त जागा मिळता कामा नयेत. ज्याचा हक्क अर्ध्या जागेचा त्याला पूर्ण जागा कशी? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. ८ मे रोजी घटना न्यायालयाने त्या कायद्याचं कलम घटनेशी विसंगत नाही असा निकाल दिला आणि आयोगाने त्याच दिवशी यादी जाहीर केली. फ्यूचर फॉरवर्ड या नव्या पक्षाला ६३ लाख ३० हजार मतं होती. या रीतीमुळे त्याच्या हातून सात-आठ जागा गेल्या.

सात-आठ जागा किरकोळ वाटतील. पण मतदानानंतर तीन दिवसांनी, २७ मार्चला, लष्करी सत्तेविरुद्धच्या सात पक्षांनी एकत्र येऊन २५५ जागांचा दावा केला होता, म्हणजे कनिष्ठ सभागृहात बहुमत. अंतिम यादीत ते बहुमताखाली आले. एकेक जागा मिळालेल्या छोट्या पक्षांपैकी जवळजवळ सगळ्यांनी पुढच्याच आठवड्यात प्रयुत यांना पाठिंबा जाहीर केला. सिनेटमुळे प्रयुत पंतप्रधान होणारच होते; पण कनिष्ठ सभागृहात बहुमत नसतं तर त्यांना अंदाजपत्रक मंजूर करून घेता आलं नसतं आणि अविश्वास ठरावाला तोंड देता आलं नसतं, कारण तिथे सिनेटची मतं कामी येत नाहीत. म्हणून मी म्हणतो, पंतप्रधान सिनेटने दिला आणि सरकार चालवायची ताकद या सूत्राने दिली.

चिआंग माईच्या आठव्या मतदारसंघाचं एक प्रकरण सांगतो, कारण आयोगाच्या हातात किती होतं ते त्यावरून कळतं. तिथे फ्यू थाईचा उमेदवार जिंकला. त्याने एका भिक्षूला २,००० बात दान दिले होते, त्यावरून आयोगाने त्याला अपात्र ठरवलं. २६ मे रोजी फेरमतदान झालं, फ्यू थाईला उमेदवार देता आला नाही आणि जागा फ्यूचर फॉरवर्डकडे गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयात तो उमेदवार निर्दोष ठरला आणि आयोगाने त्याला भरपाई द्यावी असा एका खालच्या न्यायालयाचा आदेशही झाला. जागा मात्र परत मिळाली नाही.

५ जून २०१९ ला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. प्रयुत यांना ५०० मतं, फ्यूचर फॉरवर्डचे नेते थानाथोर्न यांना २४४, तटस्थ ३. प्रयुत यांच्या पाचशेत २४९ सिनेटर होते. अडीचशेंपैकी फक्त सिनेटचे अध्यक्ष संकेत म्हणून तटस्थ राहिले. एकही मत फुटलं नाही. थानाथोर्न त्या दिवशी सभागृहात बसूही शकत नव्हते; एका माध्यम कंपनीतल्या समभागांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना आधीच खासदार म्हणून काम करण्यापासून थांबवलं होतं. डेमोक्रॅट पक्षाने प्रयुत यांना पाठिंबा दिला. ‘पाठिंबा देणार नाही’ असं प्रचारात सांगणारे त्यांचे माजी पंतप्रधान अभिसित वेज्जाजिवा यांनी त्याच सकाळी खासदारकीचा राजीनामा दिला. मतदारांना दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी पद सोडलं, याची नोंद त्या दिवसाबद्दल लिहिताना व्हायला हवी.

राहिला बहिष्काराचा प्रश्न.

बहिष्काराने काय होतं याचं उत्तर थायलंडमध्येच आहे. २ फेब्रुवारी २०१४ ची निवडणूक डेमोक्रॅट पक्षाने लढवली नाही, आणि सरकारविरोधी निदर्शकांनी अनेक ठिकाणी मतदान होऊच दिलं नाही. मतदान देशभर एकाच दिवशी झालं नाही म्हणून २१ मार्चला घटना न्यायालयाने सगळी निवडणूकच रद्द ठरवली. ७ मे रोजी यिंगलक यांना पदावरून काढलं. २२ मे रोजी उठाव झाला. निवडून आलेलं सभागृहच नसल्यामुळे लष्कराचं काम सोपं झालं होतं.

२०१९ मध्ये विरोधक उतरले म्हणून काही गोष्टी घडल्या. फ्यूचर फॉरवर्डचे ८० हून जास्त खासदार संसदेत गेले. सक्तीची लष्करभरती, लष्कराचा अर्थसंकल्प, जनरलांचे व्यवसाय हे विषय प्रथमच संसदेच्या नोंदींत सविस्तर आले. थानाथोर्न यांनी पक्षाला दिलेल्या १९ कोटी १२ लाख बातच्या कर्जावरून २१ फेब्रुवारी २०२० रोजी तो पक्ष विसर्जित झाला. त्याच आठवड्यात विद्यापीठांत निदर्शनं सुरू झाली आणि कोविडमुळे मधे खंड पडूनही त्या वर्षी पुन्हा उसळली. २०१९ मध्ये पहिल्यांदा मतदान केलेली मुलं त्यात मोठ्या संख्येने होती. आपलं मत कुठे गेलं हे त्यांना नेमकं सांगता येत होतं. मत दिलंच नसतं तर काय हरवलं हे कसं सांगितलं असतं?

पुढे नियमही थोडा बदलला. २०२१ च्या दुरुस्तीने दोन मतपत्रिका परत आल्या, जागांची वाटणी ४०० आणि १०० झाली. १४ मे २०२३ च्या निवडणुकीत फ्यूचर फॉरवर्डचा वारस मूव्ह फॉरवर्ड १५१ जागा आणि यादीची सुमारे १ कोटी ४४ लाख मतं घेऊन पहिला आला. फ्यू थाई १४१ वर दुसरा. लष्कराशी जोडलेले दोन पक्ष मिळून ७६. आठ पक्षांच्या आघाडीकडे ३१२ खासदार होते, तरी १३ जुलैला मूव्ह फॉरवर्डचे नेते पिटा लिमजारोएनरात यांना ३२४ मतं मिळाली; त्या वेळी ७४९ सदस्य असल्यामुळे ३७५ हवी होती. अडीचशेच्या सिनेटमधून त्यांना फक्त १३ मतं आली. मग फ्यू थाई लष्कराच्या बाजूच्या पक्षांबरोबर गेला आणि २२ ऑगस्टला त्याचेच श्रेथा थाविसिन पंतप्रधान झाले. फ्यू थाईला २०१९ मध्ये मतं देणाऱ्या अनेकांना हे फार लागलं, आणि ते लागणं योग्य होतं. नेमलेल्या सिनेटचा पंतप्रधान निवडण्याचा अधिकार मे २०२४ मध्ये मुदत संपून गेला. न्यायालय आणि आयोग मात्र जागेवर आहेत: मूव्ह फॉरवर्ड ७ ऑगस्ट २०२४ ला विसर्जित झाला आणि श्रेथा यांना एका आठवड्याने पदावरून काढलं गेलं.

हे सगळं पाहूनही मी ‘उतरा’ म्हणतो ते थायलंडच्या बाबतीत. तिथे विरोधी पक्षाला उमेदवार देता येत होते, सभा घेता येत होत्या, मोजणीच्या दोरीपाशी त्याचा माणूस उभा राहून रेघा मोजू शकत होता. म्यानमारमध्ये यातलं काही नव्हतं. १ फेब्रुवारी २०२१ च्या उठावानंतर तिथे नोव्हेंबर २०२० ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकलेला आंग सान सू ची यांचा पक्ष मार्च २०२३ मध्ये विसर्जित केला गेला, त्या स्वतः तुरुंगात गेल्या, आणि २०२५ च्या कायद्याने निवडणुकीवर टीका करणं हाही तुरुंगात टाकणारा गुन्हा झाला. घटनेने संसदेतल्या एक चतुर्थांश जागा तर लष्कराला आधीपासूनच राखून ठेवल्या आहेत. २८ डिसेंबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने जे मतदान घेतलं गेलं, त्यात देशातले अनेक तालुके लढाईमुळे वगळलेलेच होते. थायलंडमध्ये लढा म्हणणारा मी, म्यानमारमधल्या कुणालाही त्या मतदानात भाग घ्या असं सांगितलं नसतं.